विश्लेषण : ‘जीटीए ६’साठी थांबा, पण पुण्या-मुंबईच्या गेमसाठी वेळेत या!

‘सिक्स कधी येणार?’ हा प्रश्न कोल्हापुरात प्लेस्टेशन खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपवर कधी ना कधी पडलेला असतो. सध्याचे उत्तर आहे १९ नोव्हेंबर २०२६. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ त्या दिवशी येईल, असे रॉकस्टार गेम्सने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्याआधी जाहीर झालेली तारीख २६ मे २०२६ होती, आणि त्याच्याही आधी कंपनी २०२५ म्हणत होती.

एवढी वाट पाहिली जाणारा गेम क्वचितच येतो. पण वाट पाहणे म्हणजे काय, त्यात आपले पैसे कुठे अडकतात आणि त्याचा फायदा कुणाला होतो, याचा विचार फारसा होत नाही. मोठ्या परदेशी गेमसाठी आपण घाई केली किंवा नाही केली, तरी त्याला फरक पडत नाही. पुण्यात, मुंबईत, गोव्यात तयार होणाऱ्या छोट्या गेमला मात्र आपल्या वाट पाहण्याने मोठा फरक पडतो. आपण नेमके उलटे वागतो. ते का बदलायला हवे, ते पाहू.

‘जीटीए ६’चे आतापर्यंत काय झाले?

‘जीटीए ५’ आला १७ सप्टेंबर २०१३ रोजी, पीएस ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर. पुढे तोच गेम पीएस ४ वर आणि मग पीएस ५ वरही विकला गेला. त्याच्या २० कोटींहून अधिक प्रती खपल्या. एकच गेम तीन पिढ्यांच्या कन्सोलवर चालत असेल, तर पुढचा भाग घाईने काढायची कंपनीला गरज नसते.

‘जीटीए ६’चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि दुसरा मे २०२५ मध्ये. दुसऱ्या ट्रेलरच्या काही दिवस आधीच तारीख मे २०२६ वर गेली होती. सहा महिन्यांनी ती पुन्हा नोव्हेंबरवर गेली. म्हणजे ‘५’ आणि ‘६’ यांच्यात तेरा वर्षांहून अधिक अंतर. ‘५’ आला तेव्हा पाचवीत असलेला मुलगा ‘६’ येईपर्यंत नोकरीला लागलेला असेल.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. हा गेम जाहीर झाला आहे तो पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी. पीएस ४ साठी नाही. जुना पीएस ४ सांभाळून ‘सिक्स आला की घेऊ’ म्हणणाऱ्यांना गेमबरोबर नवा कन्सोलही घ्यावा लागेल. भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी पीएस ५ आला, तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. पुढच्याच वर्षी ती ५४,९९० झाली. टीव्ही किंवा मोबाइल जुना झाला की स्वस्त होतो, हा आपला अनुभव. या कन्सोलच्या बाबतीत तो खरा ठरला नाही.

तारीख पुढे का जाते?

गेम म्हणजे एकाच वेळी सॉफ्टवेअर आणि सिनेमा. चित्रकार, अॅनिमेटर, संगीतकार, आवाज देणारे कलाकार आणि प्रोग्रॅमर यांची कामे एकमेकांत अडकलेली असतात. एका ठिकाणी बदल केला की दुसरीकडे काहीतरी मोडते. शेवटच्या टप्प्यात नवे काही बनवण्यापेक्षा मोडलेले दुरुस्त करण्यातच जास्त वेळ जातो. तो किती लागेल, हे आधी अचूक सांगता येत नाही.

कन्सोलच्या गेमला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. सोनी, मायक्रोसॉफ्ट किंवा निन्टेन्डो आपल्या कन्सोलवर येणारा प्रत्येक गेम आधी स्वतः तपासतात. खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली तर काय होते? कन्सोल मध्येच स्लीप मोडमध्ये गेला तर? सेव्ह केलेला गेम पुन्हा नीट उघडतो का? अशा बाबींची लांबलचक यादी असते. त्यात नापास झाले की दुरुस्ती करून पुन्हा रांगेत उभे राहायचे.

ही परीक्षा पास झाली आणि डिस्क छापायला देण्याची प्रत तयार झाली, की गेम ‘गोल्ड’ झाला असे म्हणतात. तारखेवर विश्वास ठेवायचा तो ही बातमी आल्यावर. त्याआधीची तारीख हा फक्त अंदाज असतो. ‘गोल्ड’ झाल्यानंतरही काम थांबत नाही. म्हणूनच पहिल्याच दिवशी मोठा अपडेट डाउनलोड करावा लागतो.

आगाऊ पैसे भरले तर काय होते?

‘सायबरपंक २०७७’चे उदाहरण प्रत्येक गेमरने लक्षात ठेवावे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा हा गेम १६ एप्रिल २०२० ला येणार होता. तारीख तीनदा पुढे गेली आणि तो १० डिसेंबर २०२० रोजी आला. तोपर्यंत ८० लाख लोकांनी प्री-ऑर्डर केली होती. पीएस ४ वर गेम इतका अडखळत होता, मध्येच बंद पडत होता, की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या ऑनलाइन स्टोअरमधून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो स्टोअरमध्ये परतला जून २०२१ मध्ये. आज तोच गेम चांगला मानला जातो. म्हणजे जे थांबले त्यांना सुधारलेला गेम कमी किमतीत मिळाला, आणि ज्यांनी सर्वांत आधी पैसे मोजले त्यांना सर्वांत वाईट रूपातला.

दुसरे उदाहरण खुद्द सोनीचे आहे. ‘कॉन्कॉर्ड’ हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी पीएस ५ आणि पीसीवर आला. खेळायला पुरेसे लोकच आले नाहीत, म्हणून ६ सप्टेंबरला तो बंद झाला. अवघे दोन आठवडे. पैसे परत मिळाले, पण गेम गेला तो गेलाच.

डिजिटल गेमची प्रत संपत नाही, मग ती आधी राखून ठेवण्याचे कारण काय? प्री-ऑर्डरवर एखादी बंदूक किंवा जास्तीचा पोशाख मिळतो, तेवढाच. तरीही प्री-ऑर्डर केली असेल, तर प्लेस्टेशन स्टोअरचा नियम माहीत असू द्या. गेम येण्याआधी ऑर्डर रद्द करता येते. विकत घेतलेल्या गेमचे पैसे १४ दिवसांत परत मागता येतात, मात्र तो डाउनलोड करायला सुरुवात केली नसेल तरच. ऑटो-डाउनलोड चालू असेल तर आपल्या नकळत हा हक्क जाऊ शकतो. ते सेटिंग आधी बंद करा.

कोल्हापूरच्या ग्राहकाचा हिशेब काय सांगतो?

पीएस ५ भारतात आला तेव्हापासून सोनीच्या स्वतःच्या मोठ्या नव्या गेमसाठी ४,९९९ रुपये हा आकडा रूढ झाला. वर्षाला तीन गेम घेतले तर पंधरा हजार. कन्सोल हप्त्यावर घेतलेला असेल तर त्याचा ईएमआय वेगळा. म्हणूनच आपल्याकडे डिस्कला महत्त्व आहे. एकाने घ्यायची, संपली की मित्राला द्यायची, मग दुकानात देऊन थोडे पैसे घालून दुसरी आणायची. डिस्क ड्राइव्ह नसलेला डिजिटल कन्सोल घेताना सुरुवातीला काही हजार वाचतात, पण ही सगळी देवाणघेवाण बंद होते. मित्रमंडळीत डिस्क फिरत असतील, तर डिस्कवाले मॉडेलच शेवटी स्वस्त पडते.

कोल्हापूरची खास गोष्ट फुटबॉलची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की पेठा ओस पडतात. साहजिकच या शहरात फुटबॉलच्या गेमचा वेगळाच मान आहे. ‘फिफा’ या नावाने ओळखली जाणारी ती मालिका २०२३ पासून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने येते. तिची तारीख सहसा चुकत नाही. ‘एफसी २४’ आला २९ सप्टेंबर २०२३ रोजी, ‘एफसी २५’ २७ सप्टेंबर २०२४ रोजी आणि ‘एफसी २६’ २६ सप्टेंबर २०२५ रोजी. ‘फिफा २२’ मध्ये तर इंडियन सुपर लीगही आली होती, म्हणजे कोल्हापूरचा अनिकेत जाधव ज्या लीगमध्ये खेळला ती लीग.

पण दरवर्षी नवा भाग म्हणजे दरवर्षी नवा खर्च. सप्टेंबरअखेर पूर्ण किमतीला घेतलेला हा गेम काही महिन्यांत सवलतीत मिळू लागतो, आणि पुढच्या सप्टेंबरनंतर जुन्या डिस्कला फारसे कुणी विचारत नाही. संघांची ताजी यादी आणि ऑनलाइन सामने हवे असतील तर नवा घ्या. घरात भावाबरोबर किंवा मित्राबरोबर खेळायचा असेल, तर एक वर्ष जुना भाग चालतो.

‘जीटीए ६’ची जाहीर तारीख यंदाच्या लक्ष्मीपूजनानंतर बरोबर अकरा दिवसांनी येते. दसरा-दिवाळीच्या ऑफर्स बघून कन्सोल घेतला तर समजण्यासारखे आहे, कारण तो हातात येतो आणि इतर गेमही खेळता येतात. गेमचे पैसे मात्र परीक्षणे वाचेपर्यंत खिशातच राहू द्या. आठवडाभर थांबल्याने रॉकस्टारचे काही बिघडणार नाही, आपलेही नाही.

पुण्याच्या ‘राजी’ची गोष्ट काय सांगते?

आता दुसरी बाजू. पुण्यात २०१७ मध्ये ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ नावाचा स्टुडिओ सुरू झाला. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. त्यांना भारतीय पुराणकथांवर आधारित, कन्सोलच्या तोडीचा अॅक्शन गेम बनवायचा होता. राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. राजस्थानी महालांची आठवण करून देणारी ठिकाणे, पहाडी चित्रशैली आणि सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ या साऱ्याचा त्यात वापर आहे.

पैसे उभे करण्यासाठी स्टुडिओने ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणी मागितली. ती मोहीम अपयशी ठरली. ठरवलेली रक्कम जमली नाही तर तिथे काहीच हाती येत नाही. अशा वेळी बहुतेक गेम तिथेच संपतात. या टीमने काम चालू ठेवले, पुढे प्रकाशक मिळाला आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ जगासमोर आला.

तो सर्वांत आधी आला निन्टेन्डो स्विचवर, आणि स्विच तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. पुण्यात बनलेला गेम पहिले जवळपास दोन महिने पुण्यातल्या बहुतेक गेमरना खेळता येत नव्हता. पीएस ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर तो १५ ऑक्टोबर २०२० रोजी आला. त्याच वर्षी जगभरात पाहिल्या जाणाऱ्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. पुढे सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आला.

‘राजी’ निर्दोष नव्हता. तो काही तासांत संपतो, लढाई काही ठिकाणी अडखळते आणि शेवट अचानक येतो, अशी टीका झाली. ती योग्यच होती. पण छोटी टीम, अपुरा पैसा आणि पहिलाच प्रयत्न, हे लक्षात घेतले तर जे साधले ते थोडे नव्हते. आता त्याचा पुढचा भाग ‘राजी : कलियुग’ स्टुडिओने जाहीर केला आहे आणि तो पीएस ५ वरही येणार आहे. ‘सिक्स’ची तारीख पाठ असलेल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

यादीत आणखी कोण आहे?

सोनीने २०२३ मध्ये ‘इंडिया हिरो प्रोजेक्ट’ जाहीर केला. भारतातले निवडक छोटे स्टुडिओ शोधायचे, त्यांना आर्थिक मदत आणि अनुभवी लोकांचे मार्गदर्शन द्यायचे आणि त्यांचे गेम प्लेस्टेशनवर आणायचे, अशी ही योजना. त्यात मुंबईच्या अंडरडॉग्स स्टुडिओचा ‘मुक्ती’ निवडला गेला. एका संग्रहालयात फिरता फिरता हा गेम मानवी तस्करीच्या विषयापर्यंत नेतो. गोळीबार नाही. पाहायचे, वाचायचे, दुवे जोडायचे. गोव्यातल्या दोघांच्या स्टुडिओचा ‘फिशबोल’ही याच योजनेत आहे. आजी गेल्याचे दुःख मनात घेऊन घरून काम करणाऱ्या एका तरुणीचे रोजचे जगणे हा त्याचा विषय.

मोबाइलवरचे उदाहरण पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’चे. त्यांचा ‘इंडस’ हा बॅटल रॉयल गेम १६ ऑक्टोबर २०२४ रोजी अँड्रॉइड आणि आयफोनवर आला. त्याआधीच एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली होती. मोबाइलवरच्या या नोंदणीला पैसे लागत नाहीत. फुकट असूनही तिचे वजन असते, कारण गुंतवणूकदारापासून अॅप स्टोअरपर्यंत सगळे हा आकडा बघतात.

छोट्या गेमला आपला फरक कसा पडतो?

ऑनलाइन स्टोअरमध्ये विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा स्टोअरचा असतो. उरलेल्यातून प्रकाशकाचा वाटा जातो. स्टुडिओच्या हातात जे येते, त्यावर पगार आणि पुढचा गेम अवलंबून असतो. पोस्टर, जाहिराती, ट्रेलर यांवर कोट्यवधी खर्च करायला छोट्या स्टुडिओकडे पैसा नसतो. गेम येण्याआधी किती जणांनी तो विशलिस्टमध्ये टाकला आणि पहिल्या काही आठवड्यांत किती जणांनी घेतला, यावरून तो स्टोअरमध्ये पुढे दिसायचा की शेकडो गेमच्या ढिगाखाली जायचा, हे बऱ्याच अंशी ठरते. रॉकस्टारच्या कोट्यवधी ग्राहकांत आपण एक असतो. इथे मात्र हजार जणही बराच मोठा आकडा ठरतो.

‘मराठी माणसाने बनवला म्हणून वाईट गेम घ्यायचा का?’ असे कुणी विचारेल. मुळीच नाही. प्री-ऑर्डरचा सल्ला इथेही नाही. विशलिस्टला पैसे लागत नाहीत. डेमो आला तर खेळा. पहिल्या आठवड्यात परीक्षणे वाचा, कुणाला खेळताना बघा. आवडला तर पूर्ण किमतीत घ्या, सेलची वाट पाहू नका. नाही आवडला तर काय आवडले नाही ते स्पष्ट लिहा. छोट्या टीमला तेही उपयोगी पडते.

राज्य सरकारनेही या क्षेत्राकडे लक्ष वळवले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन आणि गेमिंगसह या उद्योगासाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. धोरणातून इमारती उभ्या राहतील, अभ्यासक्रम सुरू होतील. पण बनवलेला गेम कुणी घेतला नाही तर स्टुडिओ टिकत नाही. कोल्हापुरातून दरवर्षी इंजिनिअरिंग आणि कला शाखेची कितीतरी मुले पुण्याची एसटी पकडतात. त्यातल्या काहींना गेम बनवायचे असतात. त्यांना काम देणारे स्टुडिओ पाच वर्षांनी तिथे असतील का, हा प्रश्न त्यांच्याइतकाच आपलाही आहे. ‘राजी’ला, ‘मुक्ती’ला गिऱ्हाईक मिळाले, तर उद्या कुणीतरी तालमीच्या फुटबॉलवर गेम बनवायचे धाडस करील. त्यात पाटाकडील असेल, दिलबहार असेल आणि कॉमेंट्री मराठीत असेल.

थोडक्यात काय करावे?

– ‘जीटीए ६’ किंवा कुठलाही मोठा गेम : ‘गोल्ड’ झाल्याची बातमी येईपर्यंत तारीख कच्ची समजा. प्री-ऑर्डर टाळा. परीक्षणे आल्यावर घ्या, शक्यतो डिस्क घ्या.

– कन्सोल घेताना : हवा असलेला गेम कोणत्या मॉडेलवर येणार ते आधी तपासा. पीएस ४ वर ‘जीटीए ६’ जाहीर झालेला नाही.

– दरवर्षीचा फुटबॉल गेम : ऑनलाइन खेळत नसाल, तर दोन वर्षांतून एकदा घेतला तरी पुरे.

– ‘राजी : कलियुग’, ‘मुक्ती’, ‘फिशबोल’ : आजच स्टोअरमध्ये नाव शोधून विशलिस्ट करा. आवडला तर पहिल्या महिन्यात घ्या आणि रेटिंग द्या.

‘सिक्स कधी येणार?’ असे पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी विचारले, तर तारीख जरूर सांगा. सोबत पुण्याच्या ‘राजी’ची लिंकही पाठवा.